पैलवान, उपाशी राहून वजन उतरवू नका

कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग, वेटलिफ्टिंग, कबड्डी अशा काट्यावर उभं राहून खेळायच्या खेळांतल्या सगळ्या पोरापोरींना, त्यांच्या वस्तादांना आणि घरच्या माणसांना माझी कळकळीची विनंती आहे. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात अन्नपाणी तोडून वजन उतरवणं थांबवा. अंगावर चरबी जास्त असेल तर ती जरूर उतरवा, पण त्यासाठी दोन-तीन महिने हाताशी ठेवा, ताकदीची मेहनत सोडू नका आणि रोज पुरेशी प्रथिनं खा. मी मुख्यतः कुस्तीबद्दल लिहितो आहे, कारण वजनाचा जाच तिथं सगळ्यात जास्त आहे.

वजनाच्या आधीचे चार दिवस कसे जातात हे तालमीतल्या कुणाला सांगायला नको. भर उन्हात जर्किनच्या आत प्लास्टिक घालून पळायचं, जेवण सोडायचं, पाण्याची नुसती चूळ भरायची, तोंडात लिंबू धरून थुंकत राहायचं आणि शेवटच्या रात्री कुणीतरी दिलेली लघवीची गोळी घ्यायची. सकाळी काटा हवा तो आकडा दाखवतो आणि सगळे खूश होतात. पण या चार दिवसांत जे उतरलं त्यात चरबी जवळजवळ नसते.

हिशेब साधा आहे. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. चार दिवसांत तीन किलो चरबी घालवायची म्हटली तर २३,००० कॅलरी जाळाव्या लागतील, आणि ते कुणाच्याही हातचं काम नाही. मग काटा कशामुळे उतरतो? आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी राहतं. जेवण बंद करून मेहनत चालू ठेवली की हा साठा रिकामा होतो आणि दीड-दोन किलो तिथंच जातात. उरलेलं घामावाटे जातं. म्हणजे तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत जे इंधन जळणार आहे, तेच आपण मैदानात उतरण्याआधी फेकून देतो. पाणी कमी झालं की रक्ताचं प्रमाण घटतं, त्याच कामासाठी हृदयाला जास्त ठोके टाकावे लागतात आणि अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. पहिल्या फेरीत वरचढ ठरलेला पोरगा दुसऱ्या फेरीत दम तुटून पडतो, आणि गावाकडे परतल्यावर लोक म्हणतात की पोराची मेहनत कमी पडली. मेहनतीत काही उणं नव्हतं. तो उपाशी होता.

पूर्वी वजन आदल्या संध्याकाळी व्हायचं. रात्रभर खाऊन-पिऊन थोडंफार भरून काढता यायचं. २०१८ पासून जागतिक कुस्ती संघटनेच्या स्पर्धांत वजन कुस्तीच्याच दिवशी सकाळी होतं, आणि दुसऱ्या दिवशीच्या लढतींसाठी पुन्हा काट्यावर चढावं लागतं. नियम बदलला तो पोरांनी असा जीवघेणा खटाटोप करू नये म्हणूनच. आपण खटाटोप तसाच ठेवला आणि भरपाईची वेळ मात्र हातची गेली.

पॅरिस ऑलिंपिकचं सगळ्यांना ठाऊक आहे. ६ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश फोगाटने ५० किलो गटात तीन कुस्त्या मारल्या. त्यातली पहिलीच टोकियोची सुवर्णविजेती युई सुसाकी हिच्याविरुद्धची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त भरलं आणि अंतिम फेरीच नव्हे, सगळी स्पर्धा हातची गेली. रात्रभर घाम काढला, केस कापले, तरी उपयोग झाला नाही. हीच विनेश टोकियोत ५३ किलोत खेळली होती. त्याच पॅरिसमध्ये अमन सेहरावतने उपांत्य फेरीनंतर दहाएक तासांत ४.६ किलो उतरवले आणि ५७ किलोत कांस्य जिंकलं. त्या रात्रीची गोष्ट पराक्रम म्हणून सगळीकडे सांगितली गेली. पुढच्याच वर्षी झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत त्याचं वजन १.७ किलो जास्त भरलं आणि एकही कुस्ती न खेळता तो बाद झाला. अमनच्या जिद्दीबद्दल मला आदरच आहे. पण एका रात्रीत साडेचार किलो उतरवणं हा कुणासमोर ठेवायचा आदर्श नव्हे. या दोघांच्या दिमतीला डॉक्टर होते, आहारतज्ज्ञ होते. तालुक्याच्या निवड चाचणीला निघालेल्या सतरा वर्षांच्या पोराच्या सोबतीला कोण असतं?

यात जीवही जातात. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत जेमतेम महिनाभरात तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरवताना मेले. रबरी कपडे, तापवलेली खोली, बंद पाणी, सगळं आपल्याकडे चालतं तसंच. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने रबरी सूट, गरम खोल्या आणि लघवीच्या गोळ्यांवर बंदी घातली. पुढे हंगामाच्या सुरुवातीलाच प्रत्येक मल्लाचं कमीत कमी किती वजन चालेल हे ठरवायची पद्धत आली. आधी लघवी तपासून अंगात पाणी पुरेसं आहे ना ते बघायचं, मग चरबी मोजायची. मुलांसाठी पाच टक्क्यांखाली चरबी जाईल असं वजन चालत नाही, आणि आठवड्याला दीड टक्क्यापेक्षा जास्त वेगाने उतरायची मुभा नाही. आपल्या तालीम संघांनी आणि जिल्हा संघटनांनी हे नियम उचलावेत. त्यासाठी फार पैसा लागत नाही. लघवीची पट्टी आणि चरबी मोजायचा चिमटा, एवढ्यावर काम भागतं.

पोरं एवढा खटाटोप का करतात, हेही समजून घेतलं पाहिजे. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये आता सहाच गट उरले आहेत : ५७, ६५, ७४, ८६, ९७ आणि १२५ किलो. ज्याचं नैसर्गिक वजन ६१ आहे त्याने जायचं कुठं? खाली चार किलो, वर चार किलो. बहुतेक वस्ताद खालचा गट सांगतात, कारण समोरचाही वरूनच खाली आलेला असतो. राहुल आवारे हा आपल्या बीडचा मल्ल २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण घेऊन आला आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेतलं कांस्य त्याने ६१ किलोत मिळवलं. त्या स्पर्धेत ६१ चा गट असतो, ऑलिंपिकमध्ये नसतो. ही अडचण खरी आहे आणि ती कुणी नाकारू नये.

पण वर जाणं म्हणजे हार मानणं, ही समजूत तालमींनी सोडली पाहिजे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांकडे बघा. १९४८ ला लंडनमध्ये ते ५२ किलोच्या गटात खेळले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत ५७ किलोच्या गटात उतरले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन कराडला परतले. अजून वाढत असलेल्या पोराला तर खालच्या गटात दाबून ठेवायचंच नाही. माझ्या मते सोळा वर्षांखालच्या कुठल्याही मुलामुलीचं वजन स्पर्धेसाठी उतरवू नये. अंग वाढतं आहे, त्याला खाऊ द्या, आणि दरवर्षी जो गट येईल त्यात खेळवा. मोठ्यांतही ज्याच्या पोटावर आधीच पट्टे दिसतात त्याच्याकडे उतरवायला चरबीच नाही. त्याने वरच्या गटाची तयारी धरावी.

आता ज्यांच्या अंगावर खरोखर चार-पाच किलो चरबी जास्त आहे त्यांच्याबद्दल. त्यांनी सगळ्यात आधी खुराकाकडे बघावं.

आपला पारंपरिक खुराक कुणी टाकाऊ ठरवू नये. जत्रेतल्या मैदानात जोड नजरेने आणि नावावरून लागते, तिथं अंगाचा भार कामी येतो. महाराष्ट्र केसरीच्या वरच्या गटातही येतो. हजार-हजार बैठका काढणारा, हौदा उकरणारा, शिवाय घरच्या शेतात राबणारा माणूस तो खुराक जिरवत होता. पण ६५ किलोच्या गटात बसायचं असेल आणि दिवसातले चार तास मोबाइलवर जात असतील, तर हिशेब पुन्हा मांडावा लागेल. शंभर ग्रॅम बदामाची थंडाई म्हणजे सुमारे ६०० कॅलरी. म्हशीचं एक लिटर सायीसकट दूध म्हणजे हजाराच्या वर. पन्नास ग्रॅम तूप म्हणजे साडेचारशे. जेवणाला हात लागण्याआधीच दोन हजार कॅलरी पोटात गेल्या, आणि त्यात प्रथिनं मिळाली जेमतेम ५५ ते ६० ग्रॅम. चरबी वाढली तर नवल नाही.

जोमाने मेहनत करणाऱ्याला रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.६ ते २.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. चरबी उतरवायच्या काळात वरच्या आकड्याच्या जवळ राहिलेलं बरं, कारण अन्न कमी पडलं की शरीर स्नायूही जाळायला घेतं. ६८ किलोच्या पोराला म्हणजे सुमारे १३५ ग्रॅम. ही घरच्या स्वयंपाकातून मिळतात. सकाळच्या मेहनतीनंतर चार अंडी आणि साय काढलेलं अर्धा लिटर दूध, यातून चाळीसेक ग्रॅम झाले. दुपारी तीन ज्वारीच्या भाकरी, मटकीची किंवा हरभऱ्याची घट्ट उसळ आणि वाटीभर दही, इथं आणखी चाळीस. मधल्या वेळी मूठ-दोन मूठ फुटाणे आणि ताक, दहा-बारा. रात्री २०० ग्रॅम चिकन किंवा मासे आणि थोडा भात, पंचेचाळीसच्या आसपास. माळकरी घरातल्या पोराने रात्री चिकनऐवजी ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या आणि पनीर घ्यावं, आणि अंडी चालत नसतील तर सकाळी दुधासोबत चक्का किंवा मोड आलेले मूग वाढवावेत. सोयाबीनच्या वड्यांत निम्म्याहून जास्त वजन प्रथिनांचंच असतं आणि त्या कुठल्याही वाण्याकडे मिळतात. शेंगदाणे चांगले, पण त्यात प्रथिनांच्या जवळजवळ दुप्पट तेल असतं, म्हणून या काळात मूठभरच.

कमी काय करायचं? तूप दिवसाला एक चमचा ठेवा. थंडाईतले बदाम दहा-पंधरावर आणा आणि साखर काढा. रश्शावरची तर्री बाजूला सारा. चहाचे कप मोजा, दिवसाला सहा कप गोड चहा पिणारी पोरं मी पाहिली आहेत. एवढ्यानेच रोजच्या ४०० ते ५०० कॅलरी सुटतात आणि आठवड्याला साधारण अर्धा किलो चरबी जाते. भाकरी आणि भात मात्र तोडू नका. मेहनतीच्या आधी आणि नंतर ते लागतातच, कारण कुस्ती त्याच साखरेवर लढली जाते. पाणी तर कधीच तोडायचं नाही.

वेगाबद्दल मी आग्रही आहे. नॉर्वेत अव्वल खेळाडूंवर झालेला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. एका गटाने आठवड्याला वजनाच्या ०.७ टक्के वेगाने वजन उतरवलं, दुसऱ्याने दुप्पट वेगाने, आणि दोन्ही गट आठवड्यातून चार दिवस ताकदीचा व्यायाम करत होते. सावकाश उतरलेल्यांची चरबी तर गेलीच, शिवाय त्यांचं चरबीविरहित वजन दोन टक्क्यांनी वाढलं. घाईने उतरलेल्यांचं वाढलं नाही. हे तर व्यायाम आणि देखरेख चांगली असताना. आपल्यासारखं उपाशी राहून घाईने उतरणं म्हणजे बैल विकून वैरण आणण्यासारखं आहे. तेव्हा ६८ वरून ६५ ला यायचं असेल तर आठ-नऊ आठवडे धरा, त्याहून कमी नाही.

आता ताकदीबद्दल. जोर, बैठका, सपाट्या यांना मी कमी लेखत नाही. दमसास, सांध्यांची लवचीकता आणि मनाची चिकाटी त्यातून येते. पण पाचशे बैठका मारता येतात याचा अर्थच असा की त्यातल्या एका बैठकीचा भार तुमच्यासाठी हलका आहे. समोरच्याला पटात घेऊन उचलायची ताकद यायची तर असा भार उचलला पाहिजे जो सलग पाच-सहा वेळांच्या वर उचलता येणार नाही. जुन्या तालमींना हे कळत होतं. मुद्गल, करेला, खांद्यावर जोडीदार घेऊन बैठका, दोर चढणं, हे सगळं भाराचंच काम होतं. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, पाऊण तास पुरे. खांद्यावर बार घेऊन बैठक, जमिनीवरून बार उचलणं म्हणजे डेडलिफ्ट, डोक्यावर ढकलणं आणि दोर किंवा पुल-अप. प्रत्येकी पाच-पाच वेळा, तीन-चार फेऱ्या, मधे दोन-तीन मिनिटं नीट विसावा. आधी महिनाभर हलक्या वजनावर पद्धत बसवा, मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. बार नसेल तर वाळू भरलेलं पोतं घ्या. ते उचलायला बारपेक्षा अवघडच असतं, कारण माणसासारखंच हातातून निसटतं.

चरबी उतरवायला लागलं की पोरं वजनं हलकी करतात आणि फेऱ्या वाढवतात. असं करू नका. जड भार उचलत राहिलं तरच शरीर स्नायू राखून ठेवतं. थकवा वाटला तर फेऱ्या एक-दोनने कमी करा, बारवरचं वजन तेच राहू द्या. पोटाला पट्टा बांधून किंवा नुसते पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जात नाही. ती सगळ्या अंगावरून हळूहळू जाते आणि पोटावरची बहुतेकांची शेवटी जाते. ताकद वाढली म्हणजे उंची खुंटते ही भीतीही सोडा. नीट शिकवणारा उभा असेल तर तेरा-चौदा वर्षांच्या पोरानेही भार उचलायला हरकत नाही. आणि रात्री आठ तास झोप. पहाटे चारला उठवायचं असेल तर आठला झोपवायची सोय तालमीत असली पाहिजे.

मुलींबद्दल वेगळं बोलणं भाग आहे. खाणं कमी आणि मेहनत जास्त असं फार दिवस चाललं की मुलीची पाळी अनियमित होते किंवा थांबते. पुष्कळ ठिकाणी हे मेहनतीचं लक्षण समजलं जातं. तो इशारा असतो. अंगाला रोजच्या कामापुरतीही ऊर्जा मिळत नाही आणि हाडं आतून ठिसूळ होत चालली आहेत, असा त्याचा अर्थ. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरकडे जायचं आणि तोवर वजन उतरवणं बंद. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. म्हणून मैदानावरच्या प्रत्येक मुलीचं हिमोग्लोबिन हंगामाआधी तपासा. बरेच प्रशिक्षक पुरुष आहेत आणि मुली त्यांच्याशी यावर बोलत नाहीत. संघासोबत एक बाई हवीच, मग ती प्रशिक्षक असो की कुणाची आई.

इंजेक्शनांचा विषय टाळता येणार नाही. मेफेन्टरमाइन हे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी आहे. आपल्या राज्यात व्यायामशाळांच्या आसपास ते चोरून विकताना पोलिसांनी अनेकदा पकडलं आहे. थकवा जाणवेनासा होतो, म्हणून पोरं घेतात. थकवा तिथंच असतो, आणि हृदय त्याच्या ताकदीपलीकडे पळत राहतं. उत्तेजकांच्या यादीत ते आहे, लघवीच्या गोळ्याही आहेत. पकडले गेलात तर बंदी, आणि पोलीस भरतीची किंवा खेळाडूंच्या कोट्यातली नोकरीही गेली. डब्यातल्या प्रथिनांच्या भुकटीची गरज बहुतेकांना नाही. घ्यायचीच असेल तर बिल घेऊन, मोहोरबंद डबा घ्या. ‘चरबी जाळणारं’ असं लिहिलेलं काहीही घेऊ नका.

आणि एवढं सांगूनही कुणी पोरगा उन्हात प्लास्टिक घालून पळताना दिसला, आणि त्याला चक्कर येत असेल, पायात गोळे येत असतील, लघवी चहासारखी गडद होत असेल किंवा अंग तापलं असून घाम थांबला असेल, तर तिथंच थांबवा. सावलीत घ्या, प्लास्टिक काढा, अंगावर गार पाणी ओता, शुद्धीत असेल तर ओआरएस पाजा. बोलताना अडखळत असेल तर थेट दवाखान्यात न्या. त्या दिवशीची स्पर्धा जाऊ द्या.

हे सगळं करायला पावसाळा चांगला. जत्रांची मैदानं संपलेली असतात आणि पोरं तालमीतच असतात. वस्तादांनी जूनमध्ये प्रत्येकाचं वजन, कमरेचा घेर आणि बारवरचा आकडा एका वहीत लिहावा. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही न खाता-पिता आठवड्यातून तीनदा वजन करावं आणि त्याची सरासरी धरावी, कारण एका दिवसाचा काटा पाण्याने किलोभर मागेपुढे होतो. वजन उतरतं आहे, घेर कमी होतो आहे आणि बारवरचा आकडा टिकून आहे, तर जाते ती चरबीच. बारवरचा आकडा सलग दोन आठवडे घसरला तर जेवण वाढवा. दसऱ्यापर्यंत जो पोरगा आपल्या गटाच्या किलो-दीड किलोच्या आत आला नाही, त्याचं नाव वरच्या गटात लिहा आणि घरी तसं कळवा.